दिल्लीचा काटा आणि दोन गुंजा सोने

वजनकाट्यांची दुरुस्ती आणि जुळवणी हा माझा परवान्याचा व्यवसाय आहे आणि माझे बहुतेक काम नागपूरच्या इतवारीतल्या सराफा बाजारातून येते. काटा चालत नाही, आकडा स्थिर राहत नाही, वैधमापन निरीक्षकांची वार्षिक पडताळणी तोंडावर आली आहे, अशा कारणांसाठी मला बोलावणे येते. त्या दिवशी मात्र एका जुन्या गिऱ्हाईक सराफांनी फोनवर सांगितले की दुकानाचा काटा जड दाखवतो आहे आणि दुकान उघडण्याआधी तो तपासून हवा आहे. सराफाच्या दृष्टीने याहून वाईट बातमी नसते. काटा जड दाखवत असेल तर आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून न दिलेल्या सोन्याचे पैसे घेतले गेले, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

दुकानात पोहोचल्यावर प्रकरण निराळेच निघाले. सराफांच्या धाकट्या भावाचा दिल्लीत दागिने घडवण्याचा छोटा कारखाना होता. तो बंद करून उरलेले सोने आणि तिथला महागडा काटा त्यांनी एका तरुण कारागिराबरोबर रेल्वेने नागपूरला पाठवला होता. सोन्याच्या चार पुड्या होत्या आणि प्रत्येकीवर दिल्लीत केलेल्या वजनाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यांवर २०१.३६, १५२.४०, ९८.७५ आणि ४७.२० ग्रॅम असे आकडे होते. वाद नको म्हणून सराफांनी मोठ्या विचाराने ठरवले की ज्या काट्यावर तिथे तोलले त्याच काट्यावर इथेही तोलायचे. तो काटा गादीशेजारी मांडला, पुड्या एकेक करून ठेवल्या, तर आकडे आले २०१.२६, १५२.३२, ९८.७० आणि ४७.१८. एकूण पाव ग्रॅम कमी, जुन्या हिशेबात जेमतेम दोन गुंजा. मुनीमजींनी त्याच पुड्या दुकानाच्या काट्यावर ठेवल्या तेव्हा सगळे आकडे चिठ्ठीबरहुकूम भरले. यावरून सराफांनी निष्कर्ष काढला तो असा, की दिल्लीचा काटा किमती आहे, नुकताच तपासलेला आहे, सोने मुळात त्यावरच तोललेले आहे, म्हणून खरा तोच. दुकानाचा काटा खोटा. आणि पाव ग्रॅम सोने वाटेत कोणीतरी काढून घेतले. वाटेत एकच माणूस होता. तो मुलगा कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. मी आत आलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी पुड्या उघडल्याच नाही जी."

तर्काला जागा होती, हे मान्य करायला हवे. एकच काटा, तेच सोने आणि वजन कमी, यात सामान्य माणसाला दुसरा अर्थ दिसत नाही.

माझ्या धंद्यात मात्र माणसावर संशय घेण्याआधी टेबलावर घ्यावा लागतो. काटा किंचित कलता असेल तर पारड्यावर पडणाऱ्या जोराचा काही भाग तिरका जातो आणि आकडा कमी येतो. साधारण पावणेदोन अंशांचा कल असला तरी दर हजार ग्रॅममागे अर्धा ग्रॅम घट दिसते, म्हणजे इथे दिसत होती तेवढीच. म्हणून पहिल्यांदा पाणसळीचा बुडबुडा पाहिला. तो वर्तुळाच्या मधोमध होता. डोक्यावरचा पंखा बंद करवला, कूलरचा झोत दुसरीकडे वळवला, काटा अर्धा तास चालू ठेवून तापू दिला आणि पुड्या पुन्हा तोलल्या. आकडे तेच आले.

मग कागदावर तूट आणि वजन शेजारी शेजारी मांडले. दोनशे ग्रॅमच्या पुडीत दहा शतांश, दीडशेच्या पुडीत आठ, शंभराच्या पुडीत पाच, पन्नासच्या आतल्या पुडीत दोन. काट्याची बारकाई एक शतांश ग्रॅमची होती, तेवढी घासाघीस सोडली तर चारही ठिकाणी हजारी अर्धा असे एकच प्रमाण पडत होते. सोने चोरणारा माणूस असा त्रैराशिक मांडून चोरत नाही. तो एका पुडीतून काढतो, फार तर दोन पुड्यांतून. झीज म्हणावी तर तीही तुकड्याच्या कडांप्रमाणे कमीजास्त होईल. सगळीकडे सारख्या प्रमाणात घटते ते मापणाऱ्याच्या बाजूने घटलेले असते, अशी माझी समजूत आहे आणि ती आजवर बरीच उपयोगी पडली आहे.

मी माझ्या पेटीतली प्रमाणित वजने चिमट्याने काढून दिल्लीच्या काट्यावर ठेवली. दोनशेचे वजन १९९.९० दाखवू लागले, शंभराचे ९९.९५. दुकानाच्या काट्यावर तीच वजने अचूक भरली. मला वाटले विषय संपला. पण सराफ तयारीचे होते. ते म्हणाले, "भाऊ, वजनं तुमची नागपूरची, दुकानाचा काटाही तुम्हीच याच वजनांनी जुळवलेला. वजनंच हलकी असली तर दोन्हीकडं एकच खोट येईल ना?" हरकत अगदी रास्त होती. माझ्या वजनांचे प्रमाणपत्र दाखवून ती मिटण्यासारखी नव्हती, कारण वाद कागदाचा राहिलाच नव्हता.

तेव्हा मी दिल्लीच्या काट्याचे खोके मागवले. थर्मोकोलच्या खाचेत, माहितीपुस्तिकेच्या खाली, काट्याबरोबर मिळणारे शंभर ग्रॅमचे पोलादी वजन तसेच होते आणि काट्याच्या तपासणीच्या कागदावर, दिल्लीतली जुळवणी याच वजनाने केल्याची नोंद होती. ते वजन चिमट्याने उचलून त्याच्याच काट्यावर ठेवले. आकडा आला ९९.९५. मी सराफांना विचारले, "काकाजी, या पोलादातून पाच शतांश ग्रॅम कोणी खरवडले असेल?" मुनीमजी हसले, सराफ हसले नाहीत. त्यांनी वजन दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी पाहिले आणि मग स्वतःच आतल्या खोलीतून काचेच्या पेटीतला जुना दोन पारड्यांचा तराजू आणायला सांगितले. तो त्यांच्या आजोबांचा. आता फक्त लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो. दांडी मोकळी हलते आहे याची खात्री करून घेऊन एका पारड्यात दिल्लीचे शंभर ग्रॅम आणि दुसऱ्यात माझे शंभर ग्रॅम ठेवले. काटा मधल्या खुणेवर येऊन थांबला. पारडी अदलून पाहिली, तरी तिथेच. त्यानंतर सोन्याची एकेक पुडी एका बाजूला आणि चिठ्ठीवरच्या आकड्याइतकी वजने दुसऱ्या बाजूला, असे चारही तोल घेतले. सोने पुरते होते.

आता खुलासा करणे भाग होते, आणि तो करताना मला शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राचा पुरेपूर उपयोग झाला. इलेक्ट्रॉनिक काटा सोने मोजत नाही, पारड्यावर पडलेला जोर मोजतो. दुकानाच्या काट्यात लोडसेल आहे: धातूचा ठोकळा भाराने अगदी किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो. दिल्लीच्या काट्यात चुंबक आणि तारेचे वेटोळे आहे: पारडे खाली दबले की वेटोळ्यातला प्रवाह वाढवून ते मूळ जागी आणले जाते आणि किती प्रवाह लागला त्यावरून आकडा ठरतो. दोन्ही ठिकाणी मोजली जाते ती पृथ्वीची त्या वस्तूवरची ओढ. ओढ म्हणजे वस्तूतले द्रव्य गुणिले त्या जागेचे गुरुत्वत्वरण. जुळवणी करताना काट्याला आपण शिकवतो की एवढी ओढ म्हणजे शंभर ग्रॅम. ती शिकवण ज्या गावी दिली त्या गावापुरतीच खरी असते. दोन पारड्यांच्या तराजूला हे बंधन नाही, कारण ओढ वाढली किंवा घटली तरी ती दोन्ही पारड्यांवर सारख्याच प्रमाणात बदलते आणि दांडी जागची हलत नाही.

पाठ्यपुस्तकात गुरुत्वत्वरण ९.८ असे गोल करून सांगतात आणि परीक्षेपुरते ते ठीकच आहे. प्रत्यक्षात ते विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. याला कारणे दोन. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिच्या ओढीचा थोडा भाग वस्तूला त्या वर्तुळात फिरवत ठेवण्यात खर्ची पडतो आणि उरलेला पारड्यावर येतो. आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे विषुववृत्ताजवळचा माणूस तिच्या केंद्रापासून जास्त दूर असतो, दोन्ही त्रिज्यांत सुमारे २१ किलोमीटरचा फरक आहे. दिल्ली २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि नागपूर २१.१ वर. इतवारीतली गादी पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने फिरते, दिल्लीतला कारखाना सुमारे १,४७० च्या वेगाने, शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांहून थोडे उंच, दिल्लीपेक्षा शंभरेक मीटर जास्त. उंचीचा वाटा यात किरकोळ आहे, मुख्य फरक अक्षांशाचा. सगळे जमेस धरून दिल्लीत ९.७९१ आणि नागपुरात ९.७८६ असे आकडे येतात. त्यांतली तफावत हजारी अर्ध्याची आहे. मी हे आकडे तूट लिहिलेल्या कागदावरच शेजारी लिहिले, तेव्हा मुनीमजींनी कॅल्क्युलेटर पुढे ओढून भागाकार स्वतः करून पाहिला. मुनिमाचा विश्वास असाच मिळवावा लागतो.

या फरकाची पहिली ठळक नोंद काट्याने नव्हे, घड्याळाने केली. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेन बेटावर गेला आणि विषुववृत्ताजवळच्या त्या ठिकाणी ते रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ओढ कमी झाली की लंबक सावकाश झुलतो. न्यूटनने या निरीक्षणाचा आधार घेऊन पृथ्वी चपटी असल्याचे प्रतिपादन केले. पुढे आपल्या देशातही सर्वेक्षण खात्याने १८६५ पासून ठिकठिकाणी लंबक झुलवून ही ओढ मोजली आणि त्या कामावरचे कॅप्टन बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर मोजणी करतानाच वारले. नागपुरात झिरो माइलच्या दगडाशी रोज शेकडो लोक फोटो काढतात. तो दगड म्हणजे याच सर्वेक्षण खात्याची उंची मोजण्याची प्रमाण खूण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सराफांची एक शंका अजून उरली होती आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटली. पोलादाचे वजन हजारी अर्धा घटले हे समजले, पण सोने पोलादाच्या अडीचपट घन. ते जास्त घटायला नको का? याचे उत्तर असे की पृथ्वीची ओढ द्रव्याच्या प्रमाणात असते, ते द्रव्य कशाचे आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. न्यूटनने सारख्या लांबीच्या लंबकांमध्ये सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे पदार्थ भरून पाहिले आणि सगळे लंबक एकाच तालात झुलले. त्या यादीत सोने पहिले आहे आणि गहू शेवटी, हे ऐकून सराफांना बरे वाटले असावे.

उरलेले काम पाच मिनिटांचे होते. दिल्लीच्या काट्याचे त्याच शंभर ग्रॅमच्या वजनाने आणि माझ्या दोनशेच्या वजनाने नव्याने कॅलिब्रेशन केले, आणि पुड्या ठेवल्या तर २०१.३६, १५२.४०, ९८.७५, ४७.२० असे आकडे शतांशापर्यंत परत आले. काट्याच्या पुस्तिकेत जागा बदलल्यावर पुन्हा जुळवणी करावी असे स्पष्ट छापलेले होते. ती पुस्तिका कोणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. आतच मोटरवर चालणारे वजन बसवलेले काटेही मिळतात, ते बटण दाबताच स्वतःला जुळवून घेतात, पण हा तसला नव्हता. जुळवणी झाली तरी वैधमापन कार्यालयाची पडताळणी आणि शिक्का होईपर्यंत त्यावर खरेदीविक्री करता येणार नाही, हेही मी सांगून ठेवले.

त्या मुलाला कोणी स्पष्ट शब्दांत काही म्हटले नाही. मुनीमजींनी त्याच्यासाठी चहा आणि तर्री पोहे मागवले आणि सराफांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून आपल्या इथल्या कारखान्यात बसायला सांगितले. माझ्या मते एवढ्याने भागत नाही, ज्याच्यावर चारचौघांत आळ घेतला त्याची चारचौघांतच माफी मागायला हवी होती; परंतु गादी त्यांची होती. मी माझ्या तपासणीच्या कागदावर तूट, प्रमाण, दोन्ही शहरांचे आकडे आणि "सोने पूर्ण" असा शेरा लिहून सही केली आणि एक प्रत त्याच्या हातात दिली.

निघताना सराफांनी मला दारापर्यंत सोडले आणि आवाज खाली आणून विचारले, "म्हणजे भाऊ, दिल्लीत जुळवलेल्या काट्यावर इथं मोड विकत घेतली, तर हजारी अर्धा आपल्याकडं राहील?" मी म्हटले, "राहील ना, काकाजी. आणि त्याबद्दल वैधमापनवाले दुकानाला सील ठोकतील, तेही राहील." यावर ते मोठ्याने हसले आणि दिल्लीच्या काट्याच्या पडताळणीचा अर्ज मीच भरून द्यावा असे म्हणाले.