अप्पांचे अकरा प्रेक्षक

१२ ऑगस्टच्या जवळचा रविवार हा आमच्या मंडळाचा दिवस. १९८३ साली त्या तारखेला ‘जाने भी दो यारो’ हा विनोदी हिंदी सिनेमा थिएटरात लागला, आणि फारशा कुणाच्या लक्षात यायच्या आत उतरलाही. पुढे दूरदर्शनने तो घराघरांत नेला. माझी त्याच्याशी ओळख शेजारच्यांच्या टीव्हीवर झाली. दारात चपलांचा ढीग, आणि आत माणसं हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडत होती. २००४ मध्ये आम्ही सातआठ जणांनी हा मेळावा सुरू केला. तेव्हापासून इतिवृत्ताची वही माझ्याकडे आहे.

दीपप्रज्वलन होतं, हिशेब वाचला जातो, शिल्लक मंजूर होते. पंधरा मिनिटांचं काम.

मग मी उभी राहून दरवर्षी तेच सांगते, आणि दरवर्षी अभिमानाने सांगते, की या सिनेमाची गोष्ट मुंबईची असली तरी त्याची मुळं आपल्या पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर आहेत. दिग्दर्शक कुंदन शाह इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह तिथलेच. कॅमेरा धरणारे बिनोद प्रधान, संकलन करणाऱ्या रेणू सलुजा, निर्मितीची धावपळ सांभाळून वर दुःशासन झालेले विधू विनोद चोप्रा, सगळे तिथलेच. नायकांची विनोद आणि सुधीर ही नावंसुद्धा चोप्रांवरून आणि पटकथेत हात असलेल्या सुधीर मिश्रांवरून ठेवलेली. एनएफडीसीने, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाने, दिलेल्या सात लाखांच्या आतबाहेरच्या पैशांत या मंडळींनी तो उभा केला. एवढ्या पैशांत आज आमच्या पेठेत गणपतीचा देखावासुद्धा होत नाही.

नंतर महाभारत, म्हणजे सिनेमाच्या शेवटाकडचा, रंगमंचावरच्या गोंधळाचा प्रवेश. द्रौपदीच्या जागी आयुक्त डिमेलोचं साडी नेसवलेलं प्रेत, ते पळवायला टपलेले बिल्डर, आयत्या वेळी वस्त्रहरणाचा बेतच रद्द करणारा दुर्योधन, काय चाललंय ते काही केल्या न कळणारा धृतराष्ट्र आणि भलत्याच नाटकातून येऊन पोचलेला सलीम. आमचे सभासद हा प्रवेश स्वतः करतात. मंडळात सगळ्यांना भूमिकेच्याच नावाने हाक मारायची पद्धत पडली आहे. आमचे धृतराष्ट्र बँकेतून निवृत्त झाले, आमचे बिल्डर आहुजा दोनदा आजोबा झाले, तरी नावं तीच. सगळ्यांत अवघड काम आमच्या डिमेलोंचं. सगळं सभागृह गडबडा लोळत असताना, चार बाजूंनी चार माणसं ओढत असताना मेलेलं राहायचं, पापणी हलवायची नाही. सतीश शाहांनी ते काय ताकदीने केलंय, हे स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही असं आमचे डिमेलो म्हणतात. २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेले, तेव्हा लोक आमच्या डिमेलोंच्या घरी भेटायला जात होते. त्यांनीही प्रत्येकाला बसवून चहा दिला.

मदत करणाऱ्यांची नावं छापू नयेत असं मंडळात ठरलं आहे, पण माणसं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पहिले फोटो स्टुडिओवाले काका. सिनेमातल्या दोघांचाही फोटो स्टुडिओ, म्हणून त्या दिवशी ते स्वतःचं दुकान बंद ठेवतात आणि प्रोजेक्टर घेऊन येतात. एक पैसा घेत नाहीत. पडदा गणपती मंडळाच्या मुलांचा. ऑगस्टमध्ये त्यांचा ढोलाचा सराव ऐन भरात असतो, तरी आमच्यासाठी संध्याकाळी सहा ते नऊ एकही टिपरू उचललं जात नाही. पुण्यात राहणाऱ्याला या उपकाराची किंमत वेगळी सांगायला नको. शाळेचे शिपाईमामा रविवार असून सभागृह उघडतात आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबतात. बटाटेवडे बी विंगमधल्या दोघी जावांचे. केक आमच्या शोभाताईंचा. सिनेमातल्या डिमेलोसारखा थोडा खाऊन थोडा फेकायचा हट्ट मुलं धरतात, ताई फेकू देत नाहीत. सतरंज्या मांडववाल्यांच्या. द्रौपदीच्या निऱ्या घालणारी त्यांची लेक आता सासरी नागपूरला असते, पण व्हिडिओ कॉलवरून निऱ्या बरोबर करवून घेते. दिवे गेले त्या वर्षी स्वतःच्या गॅरेजमधून जनरेटर आणून देणारे दादा, आणि दरवर्षी शेवटी बोलणाऱ्या अप्पांना रिक्षातून आणून परत घरी सोडणारे रिक्षावाले भाऊ, हे दोघे मागच्या अहवालात राहून गेले होते. त्याची चुटपुट मला वर्षभर लागली. लिंबू सरबताच्या आजीसुद्धा. कुणी राहिलं असेल तर मला घरी येऊन सांगा, मी वहीत घालीन.

एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकते. महाभारताला सभागृह भरतं, उभं राहायला जागा नसते. ते संपलं की वडे खाऊन निम्मे लोक निघतात. सिनेमा पाठ आहे हो आमचा, म्हणतात. २०१२ च्या नोव्हेंबरात नव्याने स्वच्छ केलेली प्रत थिएटरांत लागली, तेव्हा त्या ऑगस्टला न आलेली किती माणसं तिकिटं काढून गेली आणि मला फोटो पाठवत बसली, ते मला माहीत आहे. त्यांनी थिएटरात बघितला याचा आनंदच आहे. पण आमच्याकडे त्या वर्षी सिनेमा संपताना सतरंजीवर सव्वीस माणसं होती.

आणि थांबायचं ते शेवटासाठीच. इतका वेळ हसवून झाल्यावर ते दोघे कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात. मागे ‘होंगे कामयाब’ चालू असतं, जे आपण शाळेत रांगेत उभं राहून म्हटलेलं असतं. दोषी मोकळे, आणि हे दोघे आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. पहिल्यांदा बघणारी मुलं त्या क्षणी आईबापांकडे वळून बघतात. काका प्रोजेक्टर बंद करतात, पण दिवे कुणी लावत नाही.

त्या अंधारातच अप्पा बोलायला उठतात. माझ्यासाठी मेळावा म्हणजे ही दहा मिनिटं.

अप्पा १९८३ साली मुंबईत छापखान्यात कंपोझिटर होते. हिंदी सिनेमाचं त्यांना काही नव्हतं. ते गेले भक्ती बर्वेंसाठी. बाईंची मंजुळा असलेलं ‘ती फुलराणी’ नाटक त्यांनी इतक्या वेळा पाहिलेलं, की बाईंचं नाव पोस्टरवर दिसल्यावर त्यांनी तिकीट काढलं. आणि पडद्यावर बाई निघाल्या ‘खबरदार’च्या संपादक शोभा सेन, गोड बोलून दोघा पोरांना वापरून घेणाऱ्या. “मंजुळेला कुणी असं करायला लावतं का?” हे वाक्य अप्पा अजून रागाने म्हणतात. मग सांगतात, थिएटरात माझ्यासकट अकरा माणसं. महाभारत आलं तेव्हा आम्ही अकरा जण ओळखदेख नसताना पुढच्या रांगेत एकत्र येऊन बसलो. पुढच्या शुक्रवारी बायकोला घेऊन गेलो तर दुसरंच पोस्टर. तिला दाखवायचा राहिला तो राहिलाच. वर्षांनी टीव्हीवर लागला, तेव्हा मी सिनेमा बघितलाच नाही, तिचं हसणं बघत बसलो.

इथे ते थांबतात. मग २००१ चा फेब्रुवारी, बाईंची वाईहून परतीची वाट, द्रुतगती महामार्गावरचा अपघात. हे वाक्य त्यांना पुरं करता येत नाही. “बाई गेल्या,” एवढंच म्हणून खाली बसतात. मी ते भाषण इतक्यांदा ऐकलंय की श्वास कुठे घेणार तेही मला माहीत असतं, तरी रुमाल हातात धरूनच बसते.

२०२५ चा मेळावा १० ऑगस्टला झाला. मधली महामारीची दोन वर्षं सोडली तर विसावा. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, त्या मे महिन्यात गेल्या होत्या, त्यामुळे ते येतील असं कुणी धरलं नव्हतं. रिक्षावाले भाऊ त्यांना हाताला धरून आत घेऊन आले. भाषण नेहमीसारखं सुरू झालं. छापखाना, पोस्टर, तिकीट. मग म्हणाले, “थिएटरात माझ्यासकट बारा माणसं.”

मागून कुणीतरी पोरगं हळूच म्हणालं, “अकरा, आजोबा.”

“बारा,” अप्पा म्हणाले. “बॅटरी घेऊन जागा दाखवणारा होता ना दाराशी. महाभारत लागल्यावर तो दार सोडून आत आला आणि भिंतीला टेकून हसत उभा राहिला. शेवटी आम्ही बाहेर पडलो तेव्हाही तिथेच होता. इतकी वर्षं मी त्याला मोजलंच नाही.”

वहीत एकोणीस वेळा मी ‘अकरा’ लिहिलं आहे. त्या रात्री घरी येऊन बारा लिहिले, आणि मागची एकोणीस पानं उलटून प्रत्येक अकराच्या पुढे कंसात दाराशी एक, असं लिहून ठेवलं.