सड्यावरचं सेशन

आज तवसाळला फेरीबोटीत व्हॅन चढवली आणि पलीकडे जयगडला उतरले. दुपारी व्हॅनमधूनच ऑनलाइन समुपदेशनाचं सेशन होतं, म्हणून समुद्राकडे न जाता वर सड्यावरच, म्हणजे कातळाच्या पठारावर थांबले. खाली किनाऱ्यावर रेंज दगा देते. वर कातळ नुसता तापलेला. तरी पडदे ओढले, काचा लावल्या आणि पंखाही बंद केला, कारण त्याची घरघर माईकमध्ये जाते. कुणी मन मोकळं करत असताना त्याला दुसरा कसलाही आवाज येता कामा नये, याबाबत मी फार काटेकोर आहे.

सुरुवातीलाच विचारून घेते: आत्ता कुठे आहात, जवळ कोण आहे, कॉल तुटला तर कुठल्या नंबरवर फोन करू? रात्री मी रेंजबाहेर असू शकते, म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांना देऊन ठेवलाय. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

"एकटी फिरतेस, भीती नाही वाटत?" सगळे विचारतात. खरं जड जातं ते सेशन संपल्यानंतर. क्लिनिकमध्ये शेजारच्या खोलीत मैत्रीण असायची, चहा व्हायचा. इथे ऐकलेलं सगळं माझ्यापाशीच राहतं. म्हणून सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी आपल्या कामाबद्दल बोलणं, मी कधीच चुकवत नाही आणि लॅपटॉप मिटला की आधी पायी निघते.

आज वाटेत एका काकूंनी हटकलं, "एकटीच काय गो? जेवलीस?" तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. किती बरं वाटलं, काय सांगू! उद्या सकाळीही सेशन आहे. व्हॅन अंगणातच लाव म्हणाल्यात.