पेडण्याची मिरची आणि आमची वाटचाल

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या काळात बरणीतले मीठ पाझरते, पापड सादळतात आणि नीट न वाळलेल्या मिरचीला देठाकडून बुरशी धरते. पेडणे तालुक्यातील आमच्या गृहउद्योगाचा बराचसा काळ या दमटपणाचा बंदोबस्त करण्यातच गेला आहे. सुरुवातीला घरच्या शेतातील मिरची घरखर्चाला पुरून उरली, की आम्ही ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकत असू. ठरावीक गिऱ्हाइके वर्षभर तीच मिरची मागू लागली, तेव्हा ती साठवण्याचा विचार व्यवसाय म्हणून करणे भाग पडले.

आमच्याकडे मुख्यतः दोन स्थानिक मिरच्या येतात. हरमल मिरची आमच्याच तालुक्यातली. पावसाळी भात कापून झाल्यावर शेतात तिची रोपे लावतात आणि विहिरीच्या पाण्यावर ती पोसतात, त्यामुळे तिची तोडणी कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत होते. काणकोणातील खोला गावची मिरची मात्र डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते आणि पाऊस ओसरत असतानाच पिकू लागते. खोला मिरचीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर हरमल मिरचीलाही ते लाभले. मानांकनामुळे विचारणा निश्चितच वाढली, परंतु मिरची वाळवण्याचे कष्ट त्याने तसूभरही कमी झाले नाहीत.

वाळवण हाच या धंद्याचा खरा कणा आहे. आम्ही मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ देतो, कारण अर्धवट पिकलेली मिरची वाळताना पांढरट पडते. तोडलेली मिरची सावलीत पसरून तिचा रंग एकसारखा होऊ दिल्यावरच ती उन्हात घालतो. जमिनीवर न टाकता चटईवर पातळ थर करतो आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकून ठेवतो. ओल्या मिरचीत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते, ते दहा टक्क्यांच्या आसपास उतरावे लागते. म्हणून साधारण चार किलो ओल्या मिरचीतून एक किलो सुकी मिरची हाती लागते, आणि आमच्या दरावर कुरकुर करणाऱ्यांना आम्ही आधी हाच हिशेब सांगतो. हाताने हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या आणि देठ कट्‌कन मोडला, की मिरची तयार झाली असे आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका मानतात. आता आम्ही आर्द्रतामापक वापरतो, पण त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. यात हयगय परवडत नाही, कारण ओलसर मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते तळल्याने वा शिजवल्याने पुरेसे नष्ट होत नाही. खोला मिरचीसाठी आम्ही सौर वाळवणी यंत्र घेतले ते याच कारणाने: ढगाळ हवेत उघड्यावर घातलेली मिरची वाळण्याआधीच आंबून जाते.

ताजी मिरची टिकवण्यासाठी आम्ही माडाच्या सुरेपासून केलेला शिरका वापरतो. कारखान्यातला शिरका स्वस्त पडतो खरा, पण बांगड्यात भरायच्या रेशाद मसाल्याला तो मानवत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच, की माडावर चढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत आणि चांगल्या शिरक्यासाठी आगाऊ सांगून ठेवावे लागते. घरगुती शिरक्याची आंबट धार घाण्यागणिक बदलत असल्यामुळे बरणी भरण्यापूर्वी आम्ही मसाल्याची आम्लता मोजतो; सामू (पीएच) 4.6 च्या खाली, शक्यतो 4 च्या आसपास असावा लागतो, अन्यथा हवाबंद बरणीत घातक जिवाणूंना वाव मिळतो. याच भीतीने तेलात बुडवलेली ताजी लसूण-मिरची आम्ही मागणी असूनही करत नाही.

सांडगी मिरची मात्र उन्हाळ्यापुरतीच. जाड हिरवी मिरची चिरून तिच्यात मेथी, धणे, हिंग व मीठ भरायचे, ती ताकात मुरवायची आणि कडकडीत वाळवायची. पावसाळ्यात पेजेबरोबर तळून खाण्यासाठी ती नेणारी घरे अजून पुष्कळ आहेत.

भुकटीबाबत आमचा एक नियम आहे. मिरची अख्खी असेपर्यंत रंग आणि वास जास्त काळ धरून ठेवते, म्हणून आम्ही ती देठासकट हवाबंद डब्यांत, उजेडापासून दूर ठेवतो आणि मागणी आली की कुटतो. रंगासाठी कर्नाटकातील ब्याडगी मिसळावी, असे काही दुकानदार सुचवतात. ब्याडगी चांगलीच मिरची आहे, आणि जिथे आम्ही ती घालतो तिथे वेष्टनावर तसे छापतो. हरमलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीत ती घालत नाही. त्यामुळे आमचा माल मर्यादित राहतो, आणि मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी जोरात असताना तो संपूनही जातो. आता शेजारच्या शेतकऱ्यांना बियाणे देऊन त्यांची पिकलेली मिरची ओलीच विकत घ्यायला आम्ही सुरुवात केली आहे, म्हणजे वाळवण एकाच हाताखाली होते.