ट्रॅक डेला घड्याळ लावायला बंदी आहे

इकडे इंग्लंडमध्ये ट्रॅक डे असतो, म्हणजे फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर आपली मोटरसायकल चालवायचा दिवस. त्याबद्दल सांगायला लागलो की घरून पहिला प्रश्न येतो, "मग नंबर कितवा आला?" नंबर नसतोच. नंबर काढायचा तर वेळ मोजावा लागतो, आणि वेळ मोजायलाच बंदी असते.

डोनिंग्टन पार्क हा इथला शर्यतीचा ट्रॅक. तिथे सकाळी सगळे एका खोलीत बसतात. अंगात कातडी सूट, हेल्मेट मांडीवर, लायसन्स दाखवून झालेलं. झेंडे समजावतात. पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही, लाल दिसला की वेग कमी करून सरळ आत यायचं, काळा आपल्याला दाखवला तर आपलं काहीतरी चुकलंय. मग सांगतात, कोणीही लॅपचा, म्हणजे एका फेरीचा, वेळ मोजायचा नाही. गाडीवर टायमर दिसला तर सामान आवरा आणि घरी जा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्षरशः हादरलो. ज्या ट्रॅकवर १९९३ साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आयर्टन सेना या ड्रायव्हरने पावसात सगळ्यांना मागे टाकलं, तिथे घड्याळाला बंदी?

कारण साधं आहे. घड्याळ आलं की शर्यत आली. शर्यतीचा परवाना वेगळा, विमा वेगळा, नियम वेगळे. ट्रॅक डे हा हौशी माणसांचा सराव, आणि तो सरावच राहावा म्हणून ही बंदी. पण मला त्या नियमाचा खरा उपयोग ट्रॅकवर उतरल्यावर कळला. आपण किती जोरात गेलो हे कळायची सोयच नसेल, तर उरतं एवढंच की मघाशी घेतलेलं वळण आत्ता त्याच रेषेत, तितक्याच शांतपणे घेता आलं का. माणूस शिकायला लागतो तो इथे.

आता हे आपल्याकडे आणून बघा. मी चाळीसगावचा. आमच्याकडे गाडी हातात आली की पोराला पहिला प्रश्न, "कन्नड घाट कितीत चढला?" खालच्या टपरीपासून माथ्यापर्यंतची मिनिटं पोरं एकमेकांना सांगतात, स्टेटसला टाकतात. त्या मिनिटांपायी आमच्या गल्लीतल्या एका घरात कॉलेजच्या पोराच्या फोटोला हार आहे. म्हणून या नियमाबद्दल मी इतकं लांबलचक लिहितोय. वेगाची हौस वाईट नाही. ती मलाही आहे, भरपूर आहे. पण तिला घड्याळ बांधलं की वळणाकडे लक्ष राहत नाही.

वळणाबद्दल आता सविस्तर. ज्यांना गाडीत रस नाही त्यांनी इथून चार परिच्छेद सोडले तरी चालतील.

डोनिंग्टनला सुरुवातीची सरळ पट्टी संपली की रेडगेट, लांबच लांब उजवं वळण. मग हॉलीवूड, तेही उजवं. तिथून जमीन पायाखालून निघून गेल्यासारखा उतार लागतो, त्याला क्रेनर कर्व्हज म्हणतात. त्या उतारावरच उजवीकडे कललेली गाडी उचलून डावीकडे टाकायची, आणि तळाला ओल्ड हेअरपिन नावाचं, नाव काहीही असलं तरी चांगलंच वेगवान, उजवं वळण. या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची डावी बाजू थंडच राहते. क्रेनरला तोच थंड भाग डांबराला टेकतो. गार सकाळी पहिल्या फेऱ्यांत माणसं पडतात ती बहुतेक इथेच. म्हणून पहिल्या फेऱ्यांना डावीकडे गाडी हळूच, लाडाने टाकायची.

मला मिळालेला इन्स्ट्रक्टर साठीच्या पुढचा, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. दोन फेऱ्या तो पुढे, मी मागे. आपल्या गाडीची शेपटी थोपटून खूण करतो, माझ्या मागे ये. मग तो मागे, मी पुढे. आत आल्यावर त्याने माझ्या हाताबद्दल, गुडघ्याबद्दल, ब्रेकबद्दल काहीच काढलं नाही. म्हणाला, "तुझे डोळे फार जवळ आहेत." मग फळ्यावर वळण काढून दाखवलं. ब्रेकच्या खुणेपाशी पोचायच्या आत नजर वळायच्या जागेवर गेलेली पाहिजे. गाडी वळवायच्या आत नजर वळणाच्या पोटात, जिथे आपण आतल्या कडेला सर्वांत जवळ जाणार तिथे. आणि पोटात पोचायच्या आत नजर बाहेर पडायच्या टोकाला. जिथे गाडी आहे तिथलं डोळ्यांचं काम आधीच संपलेलं असतं.

पुढच्या सत्रात मी फक्त तेवढंच केलं, आणि तोच वेग मला अर्धा वाटायला लागला. यात जादू काही नाही. नजर पुढच्या चाकाजवळ असली की डांबर अंगावर धावून येतं, मेंदू घाबरतो आणि हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडतो. वळणात थ्रॉटल झटकन सोडला की वजन एकदम पुढच्या चाकावर सरकतं. घाबरून ब्रेक दाबला तर गाडी सरळ उभी राहायला बघते आणि बाहेर जाते, नेमकी तिथे जिथे आपल्याला जायचं नव्हतं. नजर लांब असली की हात गप्प बसतात. हँडलवरची पकड सैल, टाकी मांड्यांनी धरलेली, ब्रेक एकदम न सोडता वळणात शिरताना हळूहळू सोडत आणलेला, आणि वळणाचं पोट ओलांडल्यावर थ्रॉटल कापसाच्या वातीसारखा, एकसंध, न तुटता उघडत न्यायचा. हे सगळं शिकवतात, पण ते डोळ्यांच्या नंतर येतं.

थोडं गणितही सांगतो. ज्या तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे, तिथल्या माणसाने एवढं सांगावं. १०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ८० किलोमीटरने घेतलं तर गाडीला साधारण २७ अंश कलावं लागतं. १०० ने घेतलं तर ३८. ११० ने घेतलं तर ४४ च्या आसपास. म्हणजे वेग १०० वरून १० नेच वाढला, पण टायरपाशी शिल्लक उरलेलं फार झपाट्याने संपलं, कारण वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दुप्पट वेग म्हणजे चौपट जोर. स्वार आतल्या बाजूला अंग काढून बसतो तो दिसायला छान म्हणून नाही. त्याचं वजन आत गेलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी कलते आणि टायरला थोडी जागा उरते. हे समजल्यावर "अजून थोडा वेग" हे शब्द मी सहज उच्चारत नाही.

पण इन्स्ट्रक्टरचं "तुझे डोळे फार जवळ आहेत" हे ऐकून मला वाईटही वाटलं, आणि रागही आला. माझे डोळे जवळ आहेत कारण ते कन्नड घाटात तयार झालेत. तिथे पुढच्या चाकासमोर खडी असते, ट्रकचं सांडलेलं डिझेल असायचं, पावसाळ्यात दरडीची माती असते. कापूस भरलेला ट्रक समोरून यायचा तो दोन्ही बाजूंनी फुगून, पाऊण रस्ता खाऊन. लांब बघत बसलेला माणूस तिथे जगत नाही. माझे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, यांनी आयुष्यभर त्या घाटात ट्रक चालवला. त्यांनी मला शिकवलं की चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा आणि मग कान उघडे ठेवायचे, आणि डावं वळण असेल तर आपल्या लेनच्या उजव्या अंगाला राहायचं, म्हणजे पलीकडचं लवकर दिसतं. वळणात शिरायची घाई नको, बाहेरून जा, उशिरा वळ, हे त्या पोस्टातल्या इन्स्ट्रक्टरने फळ्यावर काढून दाखवलं. नानांनी ते फळ्याशिवाय सांगितलं होतं.

आणि त्या जवळच्या डोळ्यांनी इथेही एकदा काम केलं. पुढच्या गाडीच्या रेडिएटरचं पाणी मॅक्लीन्सच्या वळणाआधी सांडलं. डांबरावरचा तो किंचित काळा ओला पट्टा मला दिसला, मी हात वर केला आणि आतल्या बाजूने सावकाश निघून गेलो. पुढच्याच चौकीवर मार्शलने, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसाने, रस्ता निसरडा असल्याचा पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा बाहेर काढला. आत आल्यावर एक-दोघांनी विचारलं, तुला कसं दिसलं? मी म्हणालो, आमच्याकडे रस्ता रोज असाच असतो. त्यांना ती माझी तक्रार वाटली असेल. मी अभिमानाने बोललो होतो.

मार्शल बहुतेक हौसेपोटी आलेली माणसं. वारा, पाऊस, डोक्यावरून शेजारच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळाच्या विमानांची घरघर, आणि ती दिवसभर झेंडा घेऊन उभी. हॉलीवूडच्या वळणावर एक पोरगा घसरला तेव्हा तो अजून लोळतच होता, तोवर झेंडा हलायला लागला होता. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पॅडॉकमधली, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथली, माणसंही चांगली. माझ्या टायरची हवा जास्त आहे हे शेजारच्याने नुसत्या टायरकडे बघून ओळखलं, स्वतःचा गेज आणला आणि ट्रॅकवर ती टायर गरम असतानाच मोजायची असते हे शिकवून गेला. नाव सांगायच्या आत त्याच्या ग्रुपचं सत्र सुरू झालं.

घरी हे पटवणं अवघड आहे. आई म्हणते, पैसे देऊन जीव धोक्यात घालायचा ही कुठली रीत? मी तिला सांगतो की इथे समोरून कोणी येत नाही, कुत्रं नाही, खांब नाही, कडेला मोकळं गवत आणि खडी आहे, ॲम्ब्युलन्स आधीपासून उभी आहे. ती गप्प बसते, पण पटलेलं नसतं. फी किती हे मी तिला सांगितलेलं नाही. टायरही लवकर संपतात. पण मी दारू पीत नाही, फुटबॉलचं सीझन तिकीट घेत नाही, आणि हायवेवर आता मी सगळ्यांत डावीकडच्या लेनमध्ये नियमाच्या वेगात चालतो, कारण जोरात जायची जागा मला दुसरीकडे मिळाली आहे. हा खर्च मला वाजवी वाटतो.

खटकतं ते वेगळंच. माझी गाडी ट्रायम्फची. ही कंपनी डोनिंग्टनपासून फार लांब नसलेल्या हिंकलीची. त्याच कंपनीची ४०० सीसी गाडी २०२३ पासून आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते आणि जगभर जाते. गाडी आपण बनवतो, चालवणारी पोरंही आपल्याकडे ढिगाने आहेत, पण ती सुरक्षित वळवायला जागा कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, तिथे २०११ ला फॉर्म्युला वन आणि २०२३ ला मोटरसायकलींची मोटोजीपी शर्यत झाली. खान्देशातून यातलं प्रत्येक ठिकाण हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. धुळ्याच्या, पारोळ्याच्या पोराने जायचं कसं? डोनिंग्टनसुद्धा १९३९ ला बंद पडलं होतं, युद्धात तिथे लष्कराची वाहनं उभी होती. टॉम व्हीटक्रॉफ्ट नावाच्या बिल्डरने १९७१ ला जागा विकत घेतली आणि १९७७ ला पुन्हा शर्यती सुरू केल्या. एका माणसाच्या हट्टाने. आपल्याकडे जमीन आणि पैसा असलेली हट्टी माणसं कमी आहेत का?

चुलतभावाचा परवा व्हिडिओ कॉल आला. "काय करी ऱ्हायना रे भाऊ तू तठे?" मी फोटो दाखवले, तर म्हणाला की मलाही शिकव. शिकवणार आहे. दिवाळीत येतोय. बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं, नाना तिथल्या ओळखीच्या संचालकांना रीतसर विचारून ठेवणार आहेत. ताशी ३० च्या वर जायचं नाही. रंगाचे रिकामे डबे मांडून एकच वळण, आधी मान वळवायची, मग गाडी. पूर्ण हेल्मेट, बूट आणि हातमोजे नसतील त्याला गाडीवर बसू देणार नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो. कोणी मोबाईलवर वेळ लावताना दिसला तर त्याची किल्ली मी काढून घेणार, हे भावाला आत्ताच सांगून ठेवलंय. गल्लीतल्या ज्यांना यायचं आहे त्यांनी त्याच्याकडे नाव द्यावं, आणि येताना टायर बघून यावं. गोटा झालेला टायर चालणार नाही.