पेराचा ठोका आणि नोडचा ठोका

गुहागरजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात गेल्या मे महिन्यात माणग्याचा एक चार मीटर लांबीचा बांबू दोन सुतारी घोड्यांवर आडवा ठेवला होता, त्यात एक लोखंडी कडी ओवली होती आणि त्या कडीला पाच किलोचे वजन टांगले होते. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे तो चांगला जड आणि चिवट. तरीही कडी मध्यावर आली की बांबू सुमारे आठ सेंटिमीटर खाली दबत होता. मी सुतळीने कडी सावकाश ओढत होतो आणि शेजारचे तात्या, ज्यांनी गावातले निम्मे मांडव आपल्या हाताने घातले आहेत, बांबूच्या टोकावर तळहात ठेवून उभे होते. दोन फेऱ्या झाल्यावर ते म्हणाले, "अरे, ठोका लागतो तो पेरावर लागतो. मधल्या कांड्यात काही लागत नाही. कोयत्याने पेरं तासून घे, सरळ सरकेल." मग खडूने आम्ही ठोक्यांच्या जागा बांबूवर खुणावल्या. त्या सारख्या अंतरावर नव्हत्या. कुठे एक वीत, कुठे दीड वीत, जशी पेरे, म्हणजे बांबूच्या गाठी, होती तशा.

हा खटाटोप करण्याचे कारण संगणकावर होते. एका यंत्रातील लांब, सडपातळ दांडीवरून सरकणाऱ्या गाड्याचे सिम्युलेशन मी करत होतो. मल्टिबॉडी डायनॅमिक्सच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या हलत्या भागांच्या गणिताच्या, भाषेत हा लवचीक तुळईवरचा स्लायडिंग जॉइंट: तुळई वाकते, थरथरते, आणि तिच्याशी जोडलेला भाग त्याच वेळी तिच्या लांबीवरून पुढे सरकत राहतो. दांडी मी २५ सेंटिमीटरच्या एलिमेंटांत, म्हणजे लहान तुकड्यांत, विभागली होती आणि गाडा ज्या रेषेवरून चालणार ती रेषा नोडमागून नोड (नोड म्हणजे दोन तुकडे मिळतात तो बिंदू) सरळ जोडून काढली होती. आलेखात सांध्यावरचे बल बऱ्यापैकी सपाट दिसत होते, पण ठरावीक अंतराने त्यात एक उंच, सुईसारखा ठोका येत होता. ते दांडीचे कंपन आहे असे मी धरून चाललो, तसे अहवालात लिहिले आणि दांडी जाड करण्याची शिफारसही केली. ती माझी चूक होती आणि ती दुरुस्त करायला मला पाऊस सुरू होईपर्यंत वेळ लागला.

चूक कशी झाली ते बांबूच्या आकड्यांवर दाखवता येते. वजन मध्यावर असताना तिथली वक्रतेची त्रिज्या सुमारे १७ मीटर येते. अशा वाकलेल्या तुळईला २५ सेंटिमीटरच्या सरळ तुकड्यांनी दाखवले तर मध्याजवळच्या दोन शेजारच्या तुकड्यांमधला कोन साधारण ०.०१५ रेडियन होतो, म्हणजे एका अंशापेक्षाही कमी. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण गणितात कडी सेकंदाला दोन मीटर वेगाने नोड ओलांडते तेव्हा तिच्या वेगाची दिशा एका क्षणात बदलावी लागते आणि आडव्या दिशेतला तो बदल सेकंदाला तीन सेंटिमीटर भरतो. पाच किलोसाठी हा आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, ०.१५ न्यूटन-सेकंद. तो एक मिलिसेकंदाच्या एका कालपावलात (संगणक एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतो तेवढ्यात) पूर्ण करायचा असेल तर सरासरी बल १५० न्यूटन लागते, आणि कडीला टांगलेले वजन आहे अवघे ४९ न्यूटन. तुळई स्वतः थोडी दबते, त्यामुळे प्रत्यक्ष उत्तर याहून कमी येते. तरी हिशेबाचा रोख स्पष्ट आहे. कालपाऊल दहा पटींनी लहान केले की हेच बल दहा पटींच्या दिशेने चढू लागते. कालपाऊल बारीक करत गेल्यावर खरे बल एका किमतीशी स्थिरावते; हे वाढतच जाते.

मला ही गोष्ट आधी सुचली नाही. मी एलिमेंटांची संख्या दुप्पट केली, तेव्हा ठोके संख्येने दुप्पट झाले, उंचीने निम्म्यावर आले आणि त्यांच्या जागा बदलल्या. इथेच तात्यांचा खडू आठवला. बांबूचे पेर मी कसेही मोजले तरी जिथे आहे तिथेच राहते आणि त्याचा ठोकाही तिथेच लागतो. नोड मात्र मी ठेवीन तिथे जातो. ठोका नोडबरोबर चालत असेल तर तो दांडीचा नाही, माझ्या रेषेचा आहे.

यानंतर मी सांध्याचे समीकरण पहिल्यापासून पुन्हा मांडले. गाड्याचा बिंदू आणि त्याच्याखालचा तुळईचा बिंदू एकाच ठिकाणी असले पाहिजेत, ही अट अवकाशातल्या तीन समीकरणांची. पण तुळईवरचा तो बिंदू कोणता हे आधी माहीत नसते; तुळईच्या मूळ लांबीवरून मोजलेले त्याचे अंतर हे स्वतंत्र अज्ञात असते आणि ते प्रत्येक क्षणी सोडवून काढावे लागते. तीन समीकरणे, एक नवे अज्ञात, मग चौथे समीकरण हवे. घर्षण नसेल तर ते असे: सांध्यावरच्या बलाचा स्पर्शिकेच्या दिशेतला घटक शून्य. घर्षण असेल किंवा मोटर ओढत असेल तर शून्याच्या जागी ते बल येते. हे अंतर वेळेचे ठरलेले फलन म्हणून बाहेरून देऊन टाकण्याचा मोह होतो, कारण गणित सोपे होते. पण मग गाडा वाकलेल्या उतारावर आपोआप वेग घेतो किंवा चढावर मंदावतो हे सिम्युलेशनला कधीच कळत नाही, आणि तो ठरलेला वेग टिकवायला लागणारे बल कुठून येते हेही झाकले जाते.

जागेच्या अटीचे वेळेनुसार दोनदा अवकलन केले की सांध्याची खरी मागणी समोर येते. गाड्याचे त्वरण चार पदांचे बनते: तुळईच्या त्या बिंदूचे स्वतःचे त्वरण; सरकण्याचा वेग आणि स्पर्शिका फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराची दुप्पट, जे कोरिओलिस जातीचे पद आहे; सरकण्याच्या वेगाचा वर्ग गुणिले वक्रता; आणि स्पर्शिकेच्या दिशेने सरकण्याचे त्वरण. तिसऱ्या पदाकडे नीट पाहावे. सेकंदाला दोन मीटर वेगाला आणि १७ मीटर त्रिज्येला ते गुरुत्वाच्या जेमतेम अडीच टक्के भरते, म्हणून सोडून द्यावेसे वाटते. वेग दहा मीटर केला की तेच साठ टक्क्यांवर जाते. जागेसाठी रेषा सलग असली की पुरते, वेगासाठी स्पर्शिका सलग लागते आणि त्वरणासाठी वक्रता. सरळ तुकड्यांच्या रेषेत स्पर्शिकाच तुटलेली असते.

हा प्रश्न संगणकापेक्षा खूप जुना आहे. १८४७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये चेस्टर येथे डी नदीवरचा ओतीव लोखंडाचा रेल्वेपूल गाडी जात असताना कोसळला आणि माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी रॉबर्ट विलिस यांनी सरकत्या वजनाखाली पट्ट्या किती वाकतात याचे प्रयोग केले, आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये तुळईचे वस्तुमान नगण्य धरून तिच्यावरून जाणाऱ्या वजनाचे समीकरण हाताने सोडवले. वजन उभे असताना पूल जेवढा दबतो त्यापेक्षा ते धावत जाताना तो जास्त दबू शकतो, याचे गणित तिथे सापडते. स्टोक्स यांच्यापुढे नोड नव्हते, त्यामुळे खोटे ठोकेही नव्हते. सलग वक्र हाताशी असल्याचा तो फायदा मला आज हेवा वाटावा असा वाटतो.

दुरुस्ती म्हणून मी आधी सरळ तुकडे काढून घनपदी हर्माइट रेषा (तिसऱ्या घाताच्या वक्र तुकड्यांची) घेतली, ज्यात प्रत्येक नोडवर जागेबरोबर स्पर्शिकाही अज्ञात म्हणून असते. अहमद शबाना यांनी १९९६ साली मांडलेल्या ॲब्सोल्यूट नोडल कोऑर्डिनेट पद्धतीत हे मुळातच येते, कारण तिथे नोडची चलपदे म्हणजे जागा आणि तिचा उतार हीच असतात. मोठ्या वाकण्यासाठी ती मला सर्वांत सरळ वाटते. सुईसारखे ठोके त्याच दिवशी गेले. मात्र आलेख पूर्ण गुळगुळीत झाला नाही: नोडवर बलात एक लहान पायरी उरली. ती यायलाच हवी होती. हर्माइट रेषेत स्पर्शिका सलग असते पण वक्रता नोडवर उडी मारते, आणि तिसरे पद त्या उडीला वेगाच्या वर्गाने गुणते. ही पायरी कालपाऊल लहान केल्यावर वाढत नाही आणि एलिमेंटे वाढवल्यावर झपाट्याने लहान होते. माझ्या वेगाला ती मी तशीच राहू दिली. सेकंदाला वीस-तीस मीटरची गती असती तर सर्व नोडमधून वक्रताही सलग ठेवणारी स्प्लाइन, म्हणजे तुकडे जोडून केलेली गुळगुळीत वक्ररेषा, घेतली असती.

दुसरी सुधारणा बांबूकडे पाहूनच सुचली. लोखंडी कडीला रुंदी असते. ती बांबूला एका बिंदूत टेकत नाही. दोन कडांवर टेकते, आणि पेर आले की आधी पुढची कड चढते, मग मागची. यंत्रातल्या गाड्याचे बेअरिंगही तसेच, बारा सेंटिमीटर लांबीचे. म्हणून एका बिंदूऐवजी बेअरिंगच्या दोन टोकांना दोन सरकते बिंदू दिले. त्यामुळे गाडा स्पर्शिकेबरोबर कलण्याची अट वेगळी लिहावी लागली नाही, दांडीवर पडणारा बलयुग्माचा, म्हणजे तिला फिरवू पाहणाऱ्या बलांच्या जोडीचा, परिणाम आपोआप आला, आणि नोड ओलांडतानाची उरलीसुरली पायरीही दोन भागांत वाटली गेली. याला युक्ती म्हणू नये. वस्तू जशी आहे तशी मांडणे एवढेच ते आहे.

आकड्यांच्या डॅम्पिंगबद्दल, म्हणजे गणितानेच कंपने शमवण्याबद्दल, मात्र सावध राहावे असे मला कळकळीने वाटते. १९७७ पासून वापरात असलेली हिल्बर, ह्यूज आणि टेलर यांची कालपावले टाकण्याची पद्धत उच्च वारंवारितेची कंपने मुद्दाम शमवते, आणि अशा समीकरणांना तिची गरजही असते. पण तिचा गुणक वाढवला की माझे खोटे ठोकेही खाली बसत होते. आलेख देखणा झाला आणि चूक आत राहिली. ठोक्याचे कारण कळेपर्यंत तो गुणक वाढवायचा नाही, असा नेम मी स्वतःपुरता केला आहे.

ज्या आज्ञावलीत तुळई निवडक कंपनरूपांनी, म्हणजे थरथरण्याच्या ठरावीक आकारांनी, दाखवलेली असते, तिथे अडचण वेगळी. क्रेग आणि बॅम्प्टन यांच्या १९६८ च्या पद्धतीत जोडणीचे नोड आधी ठरवून त्यांच्यासाठी स्थिर रूपे काढतात. भार त्या नोडवर असतो तोवर उत्तर उत्तम; दोन नोडच्या मधे गेला की तिथल्या स्थानिक वाकण्याचे रूपच संचात नसते आणि तुळई उगाच ताठर भासते. सरकत्या सांध्यासाठी वाटेवरचे पुरेसे नोड जोडणीचे म्हणून घ्यावे लागतात.

हा प्रश्न उलटा करून पाहायचा तर आम्हा कोकणातल्या माणसांना लांब जायला नको. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल, ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच, इन्क्रिमेंटल लाँचिंग पद्धतीने बांधला: काठावर तुळईचा एक काँक्रीटचा तुकडा ओतायचा, आधीच्याला जोडायचा आणि सगळी तुळई जॅकने खांबांवरून पुढे सरकवायची. तिथे आधार जागेवर असतात आणि तुळई त्यांच्यावरून जाते. पुलाचा प्रत्येक छेद कधी खांबावर येतो, कधी दोन खांबांच्या मधे, म्हणून प्रत्येक छेदाला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी ताण सोसावा लागतो; पुढचे टोक अधांतरी लोंबते त्याचा भार कमी व्हावा म्हणून तिथे पोलादाचे हलके नाक जोडतात. वेग इतका कमी की वेगाच्या वर्गाचे पद शून्यच मानावे. समीकरण तेच, फक्त कोण सरकते ते बदलले.

माझ्या मांडणीची शेवटची तपासणी मी अशाच संथ वेगाने केली. वजन अगदी सावकाश सरकवले तर त्याच्याखालची दबण्याची खोली पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने सांगता येते: दोन्ही टोकांपासूनच्या अंतरांचे वर्ग गुणिले वजन, भागिले लांबी आणि तुळईची ताठरता यांच्या गुणाकाराची तिप्पट. बत्तीस ठिकाणी ताडून पाहिले, नोडवर आणि नोडच्या मधे; दोन्हीकडे जुळले. नंतर घर्षण आणि डॅम्पिंग काढून, कडी तिरकी सोडून, एकूण ऊर्जा टिकते का ते पाहिले. मग चुकलेला अहवाल मागे घेतला आणि दांडीची जाडी होती तेवढीच ठेवा असे कळवले.

पाऊस लागण्याआधी तात्यांनी कोयत्याने बांबूची पेरे तासून दिली. कडी पुन्हा ओढली तेव्हा त्यांनी टोकावर हात ठेवला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग तिसऱ्या पेराकडे बोट करून म्हणाले, "इथे अजून थोडं राहिलंय."