लॅबमध्ये कातडी वाढते, मग मांडीची कशाला काढता?

"ताई, हल्ली लॅबमध्ये कातडी बनते म्हणे, मग आमच्या पोराच्या मांडीची कशाला काढतायत?" हा प्रश्न मला सारखा येतो, कधी बर्न्स वॉर्डबाहेर बाकड्यावर बसलेल्या आईकडून, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या लांबच्या काकांकडून, त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ही आधी टिश्यू कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायच्या, लॅबमध्ये होती आणि आता स्किन बँकेत आहे, जिथे मृत्यूनंतर दान केलेली कातडी साठवतात. घाईघाईत दोन वाक्यं बोलून मी निघते आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहते. म्हणून आज नीट सांगते.

हो, बनते. १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी ते करून दाखवलं. बशीत आधी उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा, रेडिएशन दिल्यामुळे त्या वाढत नाहीत पण जिवंत असतात, आणि त्यांच्या सोबतीने माणसाच्या कातडीच्या पेशी भराभर वाढतात. टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत एका मोठ्या माणसाचं अंग झाकेल एवढी.

मी स्वतः हे काम केलंय. गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्य असलेलं पाणी, भरलेला फ्लास्क रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली धरायचा, पहिले काही दिवस तुरळक ठिपके दिसतात आणि जीव खालीवर होतो, मग एके दिवशी फरशी बसवल्यासारख्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. पूर्ण थर झाला की डिस्पेज नावाचं एन्झाइम टाकून तो सोडवायचा. सुटताक्षणी तो आकसतो. दुधावरची साय चमच्याने उचलताना कशी गोळा होते, अगदी तसा, म्हणून व्हॅसलीन गॉजवर अलगद पसरून घ्यायचा, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे विसरून चालत नाही. पहिल्यांदा उचलला तेव्हा माझा हात थरथरत होता.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सायीतच आहे. लॅबमध्ये जे वाढतं ती फक्त वरची कातडी, एपिडर्मिस, मोजून थोड्याच पेशींची जाडी. तिच्याखाली जी जाड, चिवट कातडी असते ना, डर्मिस, जिच्यात कोलॅजेनचे धागे आणि रक्तवाहिन्या असतात, ती खोल भाजल्यावर जळून गेलेली असते. गिलावा नसलेल्या भिंतीला रंग दिला तर काय होईल? पोपडे येतील. इथेही तेच होतं, नुसती लॅबची कातडी लावली तर फोड येतात, जरा घासलं की निघते, आणि घट्ट धरायला महिनेच्या महिने लागतात. डॉक्टर मांडीवरून डर्माटोमने, म्हणजे कातडी सोलायच्या यंत्राने, जो पापुद्रा काढतात त्यात वरच्या रंगाबरोबर थोडा गिलावाही येतो, म्हणून तो ग्राफ्ट, म्हणजे जखमेवर लावलेला तुकडा, धरतो. आणि मांडीची जखम दोनेक आठवड्यांत आपोआप भरते, कारण केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खाली शाबूत असतात, त्यांच्यातूनच नवी कातडी वर येते. दुखतं मात्र फार, भाजलेल्या जागेपेक्षा मांडी जास्त दुखते असं पेशंट सांगतात, आणि त्या आईला पोराचं ते दुखणं बघवत नाही हे मला कळतं हो.

पण साठ-सत्तर टक्के भाजलेल्या माणसाच्या अंगावर काढायला चांगली कातडी उरतेच कुठे? तिथे खरं तर लॅबच्या कातडीचा उपयोग, पण ती तयार व्हायला तीन आठवडे लागणार आणि तोवर जखम उघडी ठेवली तर अंगातलं पाणी, प्रोटीन झिरपून जातं आणि इन्फेक्शन शिरतं. ते तीन आठवडे कुणी काढून द्यायचे?

१९८३ सालची बॉस्टनची केस आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ, ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेले. काखेतला छोटासा तुकडा घेऊन ग्रीन यांच्या लॅबने कातडी वाढवली, जवळजवळ अर्धं अंग त्या कातडीने झाकलं आणि दोघं जगले. बातमी झाली ती लॅबच्या कातडीची, आणि व्हायलाच हवी होती, पण ती वाढत असताना त्या पोरांच्या जखमांवर मृत माणसांनी दान केलेली कातडी होती. पुढे १९८६ मध्ये येल विद्यापीठाच्या चार्ल्स कुओनो यांनी तर दान केलेल्या कातडीचा वरचा थर घासून काढला, खालचा डर्मिस तसाच ठेवला आणि त्यावर पेशंटच्या स्वतःच्या पेशींची साय बसवली. गिलावा दात्याचा, रंग पेशंटचा. कृत्रिम गिलावाही निघालाय, गाईचं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिळून केलेली जाळी, पण ती इतकी महाग की आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही.

म्हणून मी लॅब सोडून इकडे, स्किन बँकेत आले. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये २००० साली स्किन बँक सुरू झाली, नंतर ऐरोलीला झाली, तरी भाजलेल्यांची संख्या बघता कातडी कमीच पडते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन यायला हवा, मग आम्ही घरी येतो, मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ पापुद्रे काढतो, तासाभरात काम होतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये चार डिग्रीला ठेवली की पाच वर्षं टिकते.

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीला एका घरी रात्री अडीचला गेलो होतो. सगळं समजावून झालं, मुलाने सही केली, तेवढ्यात आजी आतून आल्या आणि विचारलं, आंघोळ घालताना दिसेल का हो? मी म्हटलं, नाही आजी, पट्ट्या बांधून देतो. त्या थोडा वेळ आजोबांच्या पायाशी उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, तिथे जरा हळू काढा.

मी हळू काढली.