माझा अनुभव : नक्षीच्या कागदाची वीस ग्रीटिंग

दिवाळीची वीस ग्रीटिंग करायला साहित्य फार लागत नाही. २५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या, ए-४ कार्डशीटचे दहा ताव, नक्षीच्या कागदाचे ए-४ मापाचे पाच आणि आतल्या मजकुरासाठी साधे दहा कागद. बिघाडासाठी प्रत्येकातला एखादा जास्त ठेवते. कार्ड बिघडतं ते बहुधा घडीपाशी, त्यामुळे नक्षी निवडण्याआधी मी कार्डशीट तपासते.

ए-४ ताव २१० × २९७ मिलिमीटरचा. त्यातून दुमडल्यावर ए-६ची, म्हणजे १०५ × १४८ची, होणारी दोन कार्डं निघतात, पण कापायच्या तऱ्हा दोन. आडवा मधोमध कापला तर घडी १४८च्या बाजूला येते. उभा चिरून १०५ × २९७च्या पट्ट्या काढल्या तर ती १०५च्या बाजूला येते. कागदात तंतू एकाच दिशेने जास्त लोळलेले असतात, छपाईवाले त्याला ग्रेन म्हणतात. तयार ए-४ पाकिटात ते बहुधा लांबीच्या दिशेने असतात. म्हणून पहिल्या तऱ्हेत घडी साफ पडते. दुसरीत तंतू मोडतात आणि रंग फक्त वरवर असलेल्या कार्डशीटवर पांढरे तडे दिसतात. दुकानदाराने मोठ्या तावातून कापून दिलेल्या ए-४चा भरवसा नाही. ताव न दुमडता हलकेच वाकवून दाबून बघायचा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ज्या बाजूने तो मऊ वाकतो, त्या वाकाच्या रेघेला तंतू समांतर असतात.

घडीआधी क्रीझ, म्हणजे घडीच्या रेघेवर दाबून पाडलेली खाच, हवीच. खाली जाड मासिक, वर स्टीलची पट्टी आणि संपलेलं बॉलपेन. एकदाच जोर लावला तर टोक कागद फाडतं, दोनदा हलक्या हाताने ओढलेलं बरं. मग दुमडताना खाच बाहेर आणि उठलेली कड आत. हात नेमका उलटं करायला जातो.

नक्षीचा तुकडा ९५ × १३८चा घेते, म्हणजे चारही बाजूंना पाच मिलिमीटर कार्ड दिसतं. ए-४मधून असे चार बसतात. नक्षी आडव्या तावावर उभी छापलेली असेल, मोर किंवा समया डोकं वर करून, तर मात्र तीनच निघतात आणि पाचऐवजी सात ताव लागतात. मोठी नक्षी या मापात अर्धवट कापली जाते. बारीक बुट्टी किंवा छोट्या कोयऱ्या शोभतात.

चिकटवण्यात खरी मेख आहे. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागद फुगतो तो तंतूंच्या आडव्या दिशेने, आणि वाळताना आक्रसून कार्डाला स्वतःकडे ओढतो. सकाळी कार्डाचं पन्हाळं झालेलं असतं! पातळ, गुळगुळीत कागदाला मी डबल टेपच लावते. खरबरीत हातकागदावर, म्हणजे हाताने बनवलेल्या कागदावर, टेप नीट धरत नाही, तिथे फेव्हिकॉल लागतोच, पण थर अगदी पातळ. आतल्या बाजूला त्याच मापाचा साधा कागद लावला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. मग कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून रात्रभर वजनाखाली. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. हातकागद चाळणीवर हलवून धरतात, त्यामुळे त्याला ठळक ग्रेन नसतो, कसाही दुमडा. पण खळ, म्हणजे शाई शोषू नये म्हणून दिलेला लेप, कमी असेल तर त्यावर शाई फुटते. सोनेरी स्क्रीन प्रिंट घडीवर आलं तर तडकतं, म्हणून तुकडा घडीपासून पाच मिलिमीटर लांब राहिलेलाच बरा.

मजकुराचा कागद २०० × १४० कापून दुमडायचा आणि घडीलगत, मागच्या बाजूच्या एकाच रेघेवर चिकटवायचा. दोन्ही बाजूंनी चिकटवला की कार्ड मिटताना तो चुरगळतो. पाकीट सी-६, म्हणजे ११४ × १६२. मोती, टिकल्या लावायच्या असतील तर ते हातोहात द्यायच्या कार्डावर. टपालाच्या शिक्क्याखाली टिकल्या तुटतात आणि पाकिटाला भोक पाडतात.